प्रतिकारशक्ती-चिकित्सेतील साध्यासाध्यता व रक्तातील शोथनिर्देशक

तंबाखू-गुटख्यामुळे होणाऱ्या मुखकर्करोगाच्या रुग्णांच्या कागदपत्रांत अलीकडे ‘निव्होलुमॅब’ हे नाव आढळू लागले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिर व ग्रीवा यांच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण होते. त्यांतील सुमारे निम्म्यांना तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब अवघे २० मिलिग्रॅम देण्यात आले (प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम). एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांऐवजी ४३.४ टक्के आढळले. तरीही अर्ध्याहून अधिक रुग्ण वर्षभरात दगावले. लाभ कोणास होईल हे साध्या रक्ततपासणीतून आधी समजेल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हे औषध लिम्फोसाइट पेशींवरील ‘पीडी-१’ हा अटकाव दूर करते. पेशी मात्र शरीराजवळ असाव्या लागतात. अर्बुदाभोवती शोथ बळावला की इंटरल्यूकिन-६ च्या प्रेरणेने यकृत सी.आर.पी. निर्माण करते, न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. म्हणून न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर पाहतात. समजा, श्वेतपेशी ११,०००, न्यूट्रोफिल ८० टक्के व लिम्फोसाइट १२ टक्के आहेत, गुणोत्तर ६.७ येते. बहुतेक अभ्यासांत ३ ते ५ च्या वरील अंक प्रतिकूल मानला आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगासाठी २०१८ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात न्यूट्रोफिलांना उरलेल्या श्वेतपेशींनी भागतात (वरील उदाहरणात ८,८०० भागिले २,२०० म्हणजे ४) आणि एल.डी.एच. जोडीला घेतात. भागाकार ३ हून अधिक व एल.डी.एच. वाढलेले, अशा रुग्णांचे मध्यम आयुर्मान ३ महिने. दोन्ही प्राकृत असणाऱ्यांचे ३४ महिने! हा भेद केवळ या चिकित्सेतच दिसतो, असा त्या वेळी समज होता. २०१९ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात मात्र केमोथेरपी घेणाऱ्यांतही तो दिसला. म्हणजे हे अंक रोग्याची साध्यासाध्यता सांगतात. अमुक औषध लागू पडेल की नाही, हे सांगत नाहीत. चरकाने साध्यासाध्य विचार आणि उपशय वेगळे ठेवले, तसाच हा भेद आहे. केवळ गुणोत्तर वाढलेले पाहून रुग्णास औषधापासून परावृत्त करणे त्यामुळे अनुचित ठरते.

शोथहर कल्पांनी सी.आर.पी. उतरविली की फल सुधारेल, असेही काही वैद्यबंधूंना वाटते. शोथाचे मूळ असणाऱ्या इंटरल्यूकिन-१ बीटास रोखणारे कॅनाकिनुमॅब फुप्फुसाच्या कर्करोगात प्रतिकारशक्ती-चिकित्सेस जोडून पाहिले गेले. आयुर्मान वाढले नाही, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. शोथाचा अंक खाली आला म्हणजे रोग हटला, असे समजू नये.

आमच्या जांब समर्थ परिसरात खरी अडचण निराळीच आहे. सांधेदुखी व दम्यासाठी मिळणाऱ्या बेनामी पुड्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन वा प्रेडनिसोलोन असते. स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. मग वाढलेले गुणोत्तर अर्बुदाचे की पुडीचे, हे कर्करोगतज्ज्ञास कळण्याचा मार्ग नाही. शिवाय चिकित्सारंभी रोज १० मिलिग्रॅम वा अधिक प्रेडनिसोनएवढे स्टेरॉइड घेणाऱ्यांत या चिकित्सेचे फल हीन असल्याचे २०१८ मधील फुप्फुस-कर्करोगाच्या अभ्यासात दिसले. गंभीर रुग्णांनाच स्टेरॉइड अधिक लागते हे त्याचे एक कारण असू शकेल. तथापि पुडीचा इतिहास वैद्याने लिहून रुग्णासोबत पाठविलाच पाहिजे. पुडी एकाएकी बंद करवू नये, अधिवृक्क ग्रंथी साथ देत नाहीत. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीविना स्टेरॉइड देऊ नये, हे येथे पुन्हा सांगावे लागते. उलट, चिकित्सेनंतर अतिसार वा श्वास उद्भवल्यास तोच औषधाचा उपद्रव असू शकतो आणि तेथे स्टेरॉइडच उपचार ठरते. कुटजावर दिवस न दवडता रुग्णास त्वरित कर्करोगतज्ज्ञाकडे धाडावे.

दातांचा पू, मुखव्रणातील संसर्ग, क्षय यांनीही हे अंक फुगतात. एल.डी.एच.चा नमुना तर उन्हात एस.टी.ने जालन्यास पोहोचेपर्यंत रक्तपेशी फुटल्या तरी वाढलेला दिसतो. म्हणून पहिली मात्रा देण्यापूर्वी, संसर्ग शमल्यावर, शक्य तेथे रक्त प्रयोगशाळेतच काढवून श्वेतपेशींची विभागणी, सी.आर.पी., एल.डी.एच. व अल्ब्युमिन करून घ्यावे, आणि दुसऱ्या मात्रेपूर्वी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासावे.