हृदयाचा पहारा

मनगटावर बोटे ठेवा. ठोके लागतात ना? मोठ्या माणसाचे ठोके, बसल्या जागी, मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात.

हृदय विजेच्या बारीक इशाऱ्यांवर चालते. ते इशारे कागदावर उमटवतात. या तपासणीला ईसीजी म्हणतात. छातीला व हातापायांना तारा लावतात. शरीरात वीज सोडत नाहीत. भिऊ नका.

आम्हांला दोनदा भोवळ आली. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. आम्ही नागपूरला, मेडिकलमध्ये गेलो. ईसीजी चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ही घटकाभराची पाहणी. चोर केव्हाही येतो. पहारा दिवसरात्र हवा."

मग २४ तास एक लहानसे यंत्र अंगावर बांधले. त्याला होल्टर म्हणतात. भोवळ आली की वेळ लिहायची. आम्ही वहीत लिहिले : पहाटे ५, भोवळ. यंत्राच्या नोंदीतही नेमका तेव्हाच ठोका फार मंदावला होता. रोग सापडला. छातीत पेसमेकर बसवला. आता बरे आहे.

पाहा, लिहिलेली एक ओळ कशी कामी आली! तुम्हीही लिहायला शिकलात. दुखणे केव्हा आले ते लिहून ठेवा.

मात्र छातीत जोराने दुखले, किंवा शुद्ध हरपली, तर लिहीत बसू नका. १०८ ला फोन करा.