मुंबईचं टोस्ट सँडविच: आधी समजून घेऊ, मग गाड्याचा हिशोब

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "टोस्ट सँडविचचा गाडा टाकायचाय, गटातून कर्ज मिळेल का?" मी फळ्यावर सामानाचा खर्च मांडला आणि "चांगला सुटतो की नफा" म्हणून मोकळी झाले. चूक माझीच. ती इथे दुरुस्त करते.

आधी पदार्थ. सँडविच इंग्रजांचं, पण मुंबईच्या फुटपाथवर त्याला हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट आणि वरून मसाला मिळाला नि ते आपलं झालं. लांब दांड्याच्या साच्यात दाबून गॅसवर नाहीतर कोळशावर दोन्ही बाजूंनी भाजायचं, तुकडे करून वर शेव, बाजूला चटणी. ऑफिस सुटलेला माणूस, कॉलेजची मुलं, सगळे उभ्या उभ्या खातात. कांदा-बटाटा न खाणाऱ्या जैन गिऱ्हाइकासाठी कच्चं केळंही घालतात. गिऱ्हाईक ओळखणं म्हणतात ते हेच!

लोणी आधी का लावतात? ते ब्रेड आणि ओल्या चटणीच्या मध्ये राहतं, म्हणून ब्रेड लवकर भिजत नाही. चटणी मात्र रोज ताजी, स्वच्छ पाण्यात वाटलेली, झाकलेली हवी. उन्हात ठेवली की बिघडते.

आता हिशोब. आकडे समजायला घेतलेत, तुम्ही आपल्या बाजारातले भाव घाला. दोन स्लाइस ५ रुपये, लोणी ५, भाजी ६, चटणी-मसाला ३, गॅस-कागद २. झाले २१. विक्री ३० ला, म्हणजे नगामागे ९. दिवसाला ४० गेले तर ३६० रुपये. इथपर्यंत मी सांगितलं होतं. पण दोघी जणी चिरण्या-वाटण्यापासून आवरेपर्यंत सहा-सहा तास राबल्या, म्हणजे १२ तास. तासाला ३० रुपये पडले. आठ नगांची भाजी-चटणी उरली तर आणखी ७२ गेले. तासाला २४ च उरतात. कर्जाचा हप्ता यातूनच जायचा, बरं का.

म्हणून अर्ज भरायच्या आधी तीन दिवस संध्याकाळी चार ते आठ बाजारात थांबा. वडापाव किती जण घेतात, किती रुपयांना घेतात, ते वहीत लिहा. अन्न परवान्याची नोंदणीही लागेल, ती आपण मिळून करू. वही पुढच्या बैठकीला आणा, हप्ता बसतो का ते तिथेच मांडून बघू.