गोळी आणि स्टेअरिंग

मी एसटी चालवतो आणि बायपोलर आजारासाठी रोज रात्री लिथियम घेतो. आमच्या लाइनीत या आजाराबद्दल कुणी तोंड उघडत नाही, म्हणून लिहितोय.

1. उदासीपेक्षा तेजीपासून, म्हणजे मॅनियापासून, जास्त जपा. मन खचलं की माणूस आपणहून रजा टाकतो. तेजी चढते तेव्हा रजा सुचतच नाही. उलट आज हात झकास बसलाय असं वाटतं. घाटात ओव्हरटेक करताना समोरचं अंतर पुरेसंच दिसतं. दोन-तीन तास झोपूनही अंग ताजंतवानं, तोंडाची टकळी सुरू, पुढच्या प्रत्येक गाडीवर संताप. हे आपल्याला कळत नाही. कंडक्टरला कळतं, बायकोला कळतं. दोघांनाही मी लक्षणं समजावून सांगितली आहेत. "आज गाडीवर जायचं नाही," असं बायको म्हणाली की वाद घालायचा नाही, हे मी बरा असतानाच ठरवून ठेवलंय. डॉक्टरांचा नंबर तिच्याकडेही आहे.

2. झोप मोडली की आजार उठतो. म्हणून रातराणी आणि मुक्कामी गाडी बंद. मुक्कामाच्या गावी सीटवर अंग टाकायचं, रात्रभर डास मारायचे आणि उजाडायच्या आत पहिली फेरी. त्यात झोप कसली? "रात्रपाळी देऊ नये" असं डॉक्टरांकडून लेखी घेतलं. ड्यूटी लावणाऱ्याला आजाराचं नाव सांगावं लागलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरपासून मात्र काहीही लपवू नये, हे माझं ठाम मत. पाठीमागे माणसांनी भरलेली गाडी असते.

3. लिथियमवाल्यानं उन्हाळा सांभाळावा. एप्रिल-मेमध्ये इंजिनाच्या धगीनं केबिनमध्ये घामाच्या धारा लागतात. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, रक्तातली पातळी चढते. जुलाब-उलट्यांतही तेच. पाण्याची बाटली हाताशी ठेवायची, मीठ एकदम तोडायचं नाही. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खायची नाही. त्यांनीही पातळी वाढते. तपासणीचं रक्त रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर द्यायचं. पातळी साधारण 0.6 ते 1.0 च्या दरम्यान असावी; किती ते डॉक्टर ठरवतात. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही ठरलेल्या वेळी करायची. बोटं बारीक थरथरतात, ते डॉक्टरांना सांगावं. पण हात जोरात कापायला लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर गाडी कडेला आणि थेट दवाखाना. "डेपोपर्यंत नेतो" म्हणायचं नाही.

4. गोळी किंवा डोस बदलला की आधी रजा. क्वेटियापिन सुरू झाली तेव्हा सकाळीही माझे डोळे जड असायचे. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच स्टेअरिंग धरलं. बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

5. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांनी झोप येते. विचारूनच घ्या.

6. नोकरीच्या भीतीनं उपचार टाळू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं, की सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, खालच्या पदावरही नेता येत नाही. पूर्वीचं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. मानसिक आजार या कायद्याच्या यादीत आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा आणि मागणी लेखीच करा. त्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.