परिमाणांचे लेखन : एकर-गुंठे व हेक्टर-आर

वजने-मापे यांच्या १९५६ च्या कायद्याने मेट्रिक परिमाणे आली, तरी मंद्रूप परिसरातील शेतकरी घरांत जमीन आजही एकर-गुंठ्यांतच बोलली जाते. सातबाऱ्यावर तीच जमीन हेक्टर-आरमध्ये असते. या दोन लेखनांतील टिंबाचा अर्थ एक नाही, आणि वर्गात नेमके हेच सांगावयाचे राहून जाते.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. दोन एकर वीस गुंठे हे क्षेत्र पुष्कळ लोक ‘२.२०’ असे लिहितात. हे टिंब दशांशचिन्ह नव्हे. ते केवळ एकर व गुंठे वेगळे करते. विद्यार्थ्याने ते दशांशचिन्ह मानल्यास क्षेत्र दोन एकर आठ गुंठे होते. एकरी ४ क्विंटल ज्वारी धरली, तर उत्तर १० ऐवजी ८.८ क्विंटल येते. गुणाकार बिनचूक, पण बारा गुंठ्यांचे पीक नाहीसे! म्हणून ‘२ एकर २० गुंठे’ असे पूर्ण लिहावे, अथवा २.५ एकर असे रूपांतर करून मगच गणित मांडावे.

हेक्टर १०० आरांचा असल्यामुळे तेथे टिंब खरोखरीच दशांशचिन्ह ठरते. मात्र दोन हेक्टर पाच आर म्हणजे २.०५ होय, २.५ नव्हे. गाळलेल्या त्या एका शून्याने ४५ आर, म्हणजे एकराहून अधिक जमीन वाढते. सातबाऱ्यावर ‘२.०५.००’ असे तिहेरी लेखनही आढळते. त्यातील शेवटचा भाग चौरस मीटरांचा असतो.

व्याकरणाची बाजू सोपी आहे. एकर, लिटर, मीटर हे अकारान्त पुल्लिंगी शब्द अनेकवचनातही तसेच राहतात. गुंठा आकारान्त असल्याने त्याचे ‘गुंठे’ होते. क्रियापद मोजलेल्या वस्तूप्रमाणे चालते : ‘दोन क्विंटल ज्वारी विकली’, ‘दोन लिटर दूध तापविले’. अंक व परिमाण यांत जागा सोडावी. नुसते ‘किलो’ बोलण्यात चालते. वहीत किलोग्रॅम की किलोमीटर हे स्पष्ट असावे.

‘१० चौरस मीटर’ आणि ‘१० मीटर चौरस’ यांतील भेद मात्र फळ्यावर कळत नाही. मैदानावर प्रत्येक बाजू १० मीटर असलेला चौरस चुन्याने आखावा. तो १०० चौरस मीटरांचा, म्हणजे एक आर होय. शेजारी ३३ फूट बाजूचा चौरस आखला की एक गुंठा होतो. तो आरापेक्षा जेमतेम एका चौरस मीटरने मोठा भरतो.