खाऱ्या पाण्यातला क्लोरीन

परवा मेसमध्ये वाद रंगला. रूममेट मुंबईत कुठेतरी पोहून आला होता. म्हणे, ‘तिथे सॉल्टवॉटर पूल आहे, क्लोरीन अजिबात नाही!’ मी पडलो केमिकलचा, गप्प कसा बसणार?

क्लोरीन तिथेही असतो. फक्त तो बाहेरून आणत नाहीत, जागेवर तयार करतात. लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम मीठ घालायचं (समुद्रात ३५ ग्रॅम असतं) आणि ते पाणी टायटॅनियमच्या इलेक्ट्रोडमधून फिरवून वीज सोडायची. क्लोराइडचा क्लोरीन होतो, पाण्यात त्याचं हायपोक्लोरस आम्ल बनतं आणि जंतू मरतात ते त्यानेच. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरमधूनही शेवटी हेच निघतं. काम झालं की पुन्हा क्लोराइड, म्हणून मीठ फारसं संपत नाही.

२५ मीटर लांब, साडेबारा रुंद आणि दीड मीटर खोल तलाव धरा. पाणी सुमारे ४ लाख ७० हजार लिटर, म्हणजे मीठ दीड टनाच्या वर! फॅरेडेच्या नियमाने एक किलो क्लोरीनला ७५५ अँपिअर-तास लागतात. सेलला ६ व्होल्ट धरले तर साडेचार युनिट, प्रत्यक्षात जास्तच. वीज गेली की क्लोरीनही बंद.

आता डोळ्यांचं. डोळे चुरचुरतात आणि तो ‘स्विमिंग पूलचा वास’ येतो, तो बहुतेक क्लोरामाइनमुळे. घाम आणि (माफ करा) लघवी क्लोरीनला भेटली की ते तयार होतं. म्हणजे उग्र वास स्वच्छतेचा नव्हे, आंघोळ न करता उतरलेल्यांचा! पीएचही बघावा लागतो. साडेसातला निम्मा क्लोरीन कामाच्या रूपात असतो, आठला जेमतेम पाव. मिठाच्या तलावात पीएच सारखा वर चढतो, म्हणून तिथेही आम्ल घालावं लागतं. मात्र मिठामुळे पाणी डोळ्यांना मऊ लागतं, एवढं रूममेटचं मान्य.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो सिलिंडर. जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीतल्या महापालिकेच्या तलावावर क्लोरीन वायू गळला आणि पोहायला आलेल्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. कुंभवलीत राहणाऱ्याला, म्हणजे तारापूर एमआयडीसीच्या शेजाऱ्याला, गळती काय असते हे वेगळं सांगायला नको. मिठाच्या पद्धतीत सिलिंडर नसतो, हा तिचा खरा फायदा. पण पंपरूममध्ये हायपोक्लोराइट आणि आम्ल शेजारी ठेवून कुणी एकाच बादलीत ओतलं, तर तोच वायू निघतो.

‘मग इथे पूल बांधायचा तर कुठला?’ रूममेटने विचारलं. मी म्हटलं, द्रव हायपोक्लोराइट, डोसिंग पंप आणि रोज सकाळी क्लोरीन तपासणारा एक माणूस. खारट पाण्याने शिड्या आणि पंप गंजतात, फिल्टर धुतलेलं पाणी भातशेतीत सोडता येत नाही. आणि मीठही वसईच्या मिठागरातलं खडेमीठ चालणार नाही. त्यातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियमचा पांढरा थर इलेक्ट्रोडवर बसतो, तो आम्लाने धुवावा लागतो.