अनिकेत
आजचं वाचन : गीता, अध्याय १२, श्लोक १९

आज एकाच शब्दापाशी अडकले. अनिकेत. म्हणजे ज्याला घर नाही असा. आणि तो म्हणे भगवंताला प्रिय! १४ व्या श्लोकापासून अध्याय संपेपर्यंत 'प्रिय' सहा वेळा येतं, त्यातलं एक या बेघराच्या वाट्याला.

दोन ब्रेकअपनंतर हा शब्द मला फार सोयीचा वाटायचा. कुणात गुंतायचं नाही, आपण अनिकेत! खरं तर नुसती भीती होती ती. याच शब्दावर माऊली ज्ञानेश्वरीत म्हणतात, अशा भक्ताला अवघं विश्वच आपलं घर वाटतं. दार लावून बसलेल्या मला ते कसं वाटणार होतं?

त्याआधी तर मी माणसालाच घर मानायचे. तो गेला की मी रस्त्यावर. आता जो सोबत आहे त्याच्यावर एवढं ओझं टाकत नाही. (भांडण झालं की टाकते, खोटं कशाला बोलू.)

काल त्याने विचारलं, "आईला भेटायला कधी येतेस?" मागे याच प्रश्नावर मी पळ काढला होता.

रविवारी जातेय.