शिकाऊ ग्रंथपालाची कामाची वही

बी.लिब. होऊन ग्रंथालयात रुजू झालेल्यांना वरिष्ठ सांगतात, "रोज काय शिकलात ते लिहीत जा." बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. दिवसभर देवघेव, परत आलेली पुस्तके जागेवर लावणे, दाखल नोंदी, त्यात हे आणखी एक काम. ही नाराजी रास्त आहे. तरीही वही ठेवाच, असे मी आग्रहाने सांगेन. वर्गीकरणाची कोष्टके पाठ करता येतात. समोर उभ्या असलेल्या वाचकाला नेमके काय हवे आहे हे ओळखणे मात्र सरावाने येते, आणि लिहून ठेवलेला सराव टिकतो.

साहित्य थोडे लागते. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळणारी दोनशे पानी रेघांची वही, पेन आणि सुटण्याआधीची पंधरा-वीस मिनिटे. पहिल्याच दिवशी पानांवर क्रमांक घाला आणि शेवटची दहा पाने कोरी सोडा.

आता कृती. दिवसभराचा वृत्तान्त लिहू नका. त्याचा कंटाळा आठवड्यात येतो. दिवसाला एकच प्रश्न निवडा. आधी वाचकाचे शब्द जसेच्या तसे उतरवा. त्याखाली बोलता बोलता उलगडलेली खरी गरज, मग तुम्ही कुठे-कुठे शोधलेत तो क्रम, काय मिळाले, काय मिळाले नाही. न मिळालेल्याची नोंद गाळू नका. पुढच्या वेळी तोच वेळ वाचतो, आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे रंगनाथनांच्या १९३१ मधल्या पाच सूत्रांपैकी एक आहे.

उदाहरण घ्या. वाचक म्हणतो, "पानशेतच्या पुराचे काही आहे का?" घाईत आपण पुण्याच्या इतिहासाचे कपाट दाखवतो. पण ड्युई दशांश पद्धतीत पुराची पुस्तके एका जागी नसतात. जलविज्ञानाच्या अंगाने लिहिलेले ५५१.४८९ मध्ये, आपत्ती आणि मदतकार्याचे ३६३.३४ मध्ये, शहराच्या इतिहासातले ९५४ च्या पोटात. म्हणून आधी विचारा, "कशासाठी हवे आहे?" शाळेचा प्रकल्प असेल तर एखादे सोपे पुस्तक पुरते. धरण का फुटले हे पाहायचे असेल तर वाट वेगळी. आणि आजोबांचे नदीकाठचे घर वाहून गेले, त्या दिवसांबद्दल वाचायचे असेल तर १२ जुलै १९६१ नंतरच्या 'केसरी' आणि 'सकाळ'च्या जुन्या फायली कुठे पाहायला मिळतील हे सांगावे लागते. प्रश्न तोच, उत्तरे तीन. वहीत हे तिन्ही रस्ते लिहा.

काही दिवस प्रश्नाऐवजी नोंदीतली अडचण लिहा. जुन्या मराठी पुस्तकांवर नुसता शक असतो. शके १८३२ असेल तर ७८ मिळवून १९१० येते. पण महिना माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे लागतात, म्हणजे १९११. टोपणनावांचेही तसेच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी यांची पुस्तके वाचकाला दोन्ही नावांनी सापडली पाहिजेत. 'क्ष' आणि 'ज्ञ' तुमच्या ग्रंथालयाच्या सूचीत क आणि ज मध्ये लावतात की ह नंतर, हे विचारून एकदा लिहून टाका.

वाचकाचे नाव, सभासद क्रमांक किंवा ओळख पटेल असा तपशील वहीत कधीही नको. कोण काय वाचतो हे त्याचे खासगी आहे. "एक निवृत्त गृहस्थ" एवढे पुरे.

शनिवारी शेवटच्या कोऱ्या पानांवर विषय आणि पान क्रमांक लिहून वहीची सूची करा. ही पायरी लोक टाळतात, आणि वही तिथेच निरुपयोगी होते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, म्हणून आज अभ्यासकाला त्या काळातले पुस्तक हुडकता येते. आपली सूची दहा पानांची असली तरी काम तेच करते.

महिन्यातून एकदा दुसरे ग्रंथालय बघून या आणि त्यावर दोन पाने लिहा. पुण्यात ग्रंथालयांना तोटा नाही. १८४८ चे नगर वाचन मंदिर, १९१० चे भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ ची भांडारकर संस्था, विद्यापीठातले जयकर ग्रंथालय. आधी परवानगी घ्या. हस्तलिखितांच्या नोंदी कशा करतात ते विशेष बघा: तिथे शीर्षकपान नसते, लेखनिकाचे नाव आणि काळ बहुधा शेवटच्या पुष्पिकेत शोधावा लागतो. छापील पुस्तकावर शिकलेल्या माणसाला हे पाहणे फार उपयोगी पडते.

महिनाअखेरीस वही वरिष्ठांना दाखवा आणि फक्त एकच विचारा: "माझे कुठे शोधायचे राहून गेले?" त्यांचे उत्तर त्याच पानाच्या समासात लिहा.

एक विनंती वरिष्ठ ग्रंथपालांनाही आहे. ही पंधरा-वीस मिनिटे शिकाऊंना कामाच्या वेळेतच द्या. घरी जाऊन लिहायला सांगितलेली वही फार दिवस चालत नाही.